विझर्डने कुलूप उघडलं, मग चोराने काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवता, म्हणजे तुम्ही डीएम (डन्जन मास्टर), कथा आणि नियम सांभाळणारे. टेबलावर पाच जण, सगळे पाचव्या लेव्हलला. विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, नॉक (कुलूप उघडणारा), इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा), फ्लाय (उडवणारा) आणि चार्म पर्सन (माणसाला भुरळ घालणारा) हे स्पेल, म्हणजे मंत्र, आहेत. दार बंद दिसलं की नॉक, दरी आली की फ्लाय, पहारेकरी आडवा आला की चार्म. चोर खेळणारी तुमची मैत्रीण गेल्या सेशननंतर निघताना म्हणाली, "मी नसले तरी तुमचं काही अडत नाही." आणि आता तुम्ही विचारताय, हे स्पेल बंद करू की कुलपांचा डीसी (वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) वाढवू?

माझ्या मते दोन्ही नको. त्यातही डीसी वाढवणं तर अजिबात नको. हिशेब करून बघा. पाचव्या लेव्हलच्या चोराची डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ धरली तर +४, प्रोफिशियन्सी (सराव) +३, एक्स्पर्टीजमुळे (खास प्रावीण्यामुळे) ती दुप्पट म्हणजे +६. कुलूप उघडताना तिच्याकडे एकूण +१० आहेत. डीसी १५ असेल तर फाशावर ५ किंवा जास्त पडले की झालं, म्हणजे ८० टक्के शक्यता. डीसी २० केलात की ती ५५ टक्क्यांवर येते, २५ केलात की ३० वर. आणि नॉक? नॉक डीसीकडे बघतच नाही. कुलूप साधं असो की राजाच्या खजिन्याचं, तो उघडतो. म्हणजे तुम्ही डीसी जितका वाढवाल तितकी चोर मागे पडेल आणि विझर्ड आहे तिथेच राहील. जिच्यासाठी उपाय करायला निघालात तिलाच त्याचा फटका.

यातच खरा प्रश्न दिसतो. विझर्ड "मी नॉक टाकतो" म्हणतो आणि दार उघडतं. चोर "मी कुलूप उघडते" म्हणते आणि तुम्ही म्हणता, "रोल कर." तिने आपलं सगळं कॅरेक्टर या एका कामासाठी घडवलं, तरी तिच्या वाट्याला शक्यता येते. त्याने एक स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) टाकला, त्याच्या वाट्याला खात्री. हे झालं एक. दुसरं, त्या खात्रीची जी किंमत पुस्तकात लिहिलेली आहे ती बहुतेक टेबलांवर वसूलच होत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की चोर, रेंजर, योद्धा सगळेच विझर्डचे हमाल होतात. दोन्हीकडे लक्ष दिलंत तर एकही स्पेल बंद करावा लागत नाही, हा माझा अनेक कॅम्पेन (बऱ्याच सेशनमध्ये चालणाऱ्या कथा) चालवल्यानंतरचा ठाम अनुभव आहे.

काही गोष्टी तुमच्या टेबलावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. मी जे आकडे देतेय ते २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. २०२४ ची सुधारित पुस्तकं वापरत असाल तर काही स्पेल बदललेत, ते पडताळून घ्या. तुमच्या टेबलाला जादूने ओसंडून वाहणारं जग आवडत असेल तर खालचे काही उपाय सौम्य करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मैत्रिणीला एकदा विचारा की तिने चोर का निवडली. कुलपं उघडायची हौस असेल तर एक उपाय, लोकांना गंडवायची हौस असेल तर दुसरा. "मला काहीतरी असं हवंय जे फक्त मीच करते" असं उत्तर आलं, आणि माझ्या अनुभवात ते फार वेळा येतं, तर मग पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

थोडा इतिहास सांगते, कारण तुमचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच तीन क्लास (पात्रांचे प्रकार) होते. चोर नव्हता, पण नॉक होता. चोर आला पुढच्या वर्षी, १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. म्हणजे दार उघडणारा स्पेल आधी आणि दार उघडणारा माणूस नंतर. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता होती २५ टक्के. आज हे वाचून वाईट वाटतं, पण त्याच पुस्तकात तिसऱ्या लेव्हलच्या जादूगाराला दुसऱ्या पातळीचा एकच स्पेल मिळायचा, दिवसातून एकदा. तो नॉकवर घालवायचा की वेब किंवा इन्व्हिजिबिलिटीसाठी राखायचा, यावर टेबलावर खरी वादावादी होई. तोल होता तो टंचाईमुळे.

पुढे २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि ती टंचाई संपली. जादूच्या छड्या विकत मिळू लागल्या. ५० वेळा नॉक टाकणारी छडी ४,५०० सोन्याच्या नाण्यांना, म्हणजे एका कुलपाला ९० नाणी. मधल्या लेव्हलच्या टोळीला ते परवडायचं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलटं टोक गाठलं. नॉक हा विधी झाला, दहा मिनिटं लागणारा आणि दर वेळी पैसे खाणारा. तोल साधला, पण विझर्ड खेळणाऱ्यांना जादू बेचव वाटली. २०१४ ला पाचव्या आवृत्तीने नॉक पुन्हा झटपट केला आणि त्याला एक वेगळीच किंमत लावली, ती पुढे सांगते. प्रत्येक आवृत्तीने वेगळी कळ दाबून पाहिली, त्यामुळे आपल्यासमोर पन्नास वर्षांचे प्रयोग तयार पडलेत.

आता किंमत वसुलीकडे. सगळ्यात मोठी किंमत आहे स्लॉट. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन, असे नऊ स्लॉट असतात. २०१४ चं डन्जन मास्टर्स गाइड असं गृहीत धरतं की दोन लाँग रेस्टच्या (स्लॉट परत मिळवून देणाऱ्या मोठ्या विश्रांतीच्या) मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी होतील. तसं झालं तर नऊ स्लॉट काटकसरीनेच वापरावे लागतात. पण आपल्यापैकी बहुतेकांचं काय होतं? रविवारी दुपारी तीन-चार तास मिळतात, त्यात एक मोठी लढाई होते, सेशन संपतं आणि आपण म्हणतो, "चला, रात्र झाली, लाँग रेस्ट घ्या." त्या एका लढाईत विझर्डचे चार-पाच स्लॉट जातात. उरलेले चार तो कशावर खर्च करणार? दारांवर, भिंतींवर, पहारेकऱ्यांवर. तो स्वार्थी नाही, त्याच्या खिशात पैसे उरलेत म्हणून तो खर्च करतोय.

म्हणून पहिला बदल हा करा: सेशन संपणं आणि दिवस संपणं वेगळं करा. कथेतला एक दिवस दोन किंवा तीन सेशन चालू द्या. सेशन संपताना प्रत्येकाला किती स्लॉट आणि किती हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) उरलेत ते कागदावर लिहून ठेवायला सांगा. चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट मिळते हा नियम पुस्तकातच आहे, तो पाळा. तुमचं कॅम्पेन प्रवासाचं किंवा राजकारणाचं असेल, जिथे आठवड्यात एखादीच चकमक होते, तर त्याच गाइडमधला ग्रिटी रिअलिझमचा पर्याय घ्या. त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. मला तो दरबारी कारस्थानांच्या कथेत फार आवडतो. अडचण एवढीच की मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल त्यात लंगडे पडतात, त्यांचा कालावधी तुम्हाला वाढवून द्यावा लागेल.

एवढ्यानेच अर्धं काम होतं. बाकीचं अर्धं प्रत्येक स्पेलच्या वर्णनात दडलेलं असतं.

नॉक घ्या. तो टाकल्यावर त्या दारातून जोरदार ठोठावल्यासारखा आवाज येतो आणि तो ३०० फुटांवर, म्हणजे साधारण ९० मीटरपर्यंत ऐकू जातो. हे स्पेलच्या वर्णनातलं वाक्य आहे, डीएमने काढलेली खोड नव्हे. शिवाय दाराला अनेक कुलपं असतील तर एकच उघडतं, आणि सापळा लावलेला असेल तर नॉक त्याला हात लावत नाही. उघडलेलं कुलूप परत लावायचं कामही तो करत नाही. दुसरीकडे, आर्केन लॉक (दार जादूने बंद करणारा स्पेल) टाकलेल्या दाराला चोराचा डीसी दहाने वाढतो आणि नॉक ते बंधन दहा मिनिटं स्थगित करतो. म्हणजे अशा दाराला विझर्डच हवा. त्याचीही जागा राहते.

इन्व्हिजिबिलिटीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. अदृश्य झालेला माणूस दिसत नाही, पण ऐकू येतो, त्याचा वास येतो, त्याचे पाय चिखलात उमटतात. स्टेल्थचा (लपूनछपून जाण्याचा) रोल त्यालाही करावाच लागतो. अंगणात एक साधा मास्टिफ कुत्रा बांधा. त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायची सावधपणाची पातळी) १३ आणि आवाज-वासाच्या बाबतीत त्याला ॲडव्हांटेज (अनुकूलता, इथे +५) असल्यामुळे ते १८ धरायचं. चोराचं स्टेल्थ +१० असेल तर तिला ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के. डेक्स्टेरिटी १२ असलेल्या विझर्डचं +१. त्याला १७ हवेत, २० टक्के. अदृश्य असूनही! आता गंमत बघा, हा स्पेल स्पर्शाने दुसऱ्यावर टाकता येतो. टेबलावर हे एकदा आकड्यांत दिसलं की विझर्ड स्वतःहून म्हणतो, "मी तुझ्यावर टाकतो, तू जा." असा क्षण मी घडताना पाहिलाय, आणि त्या दोघांच्या खेळण्याची पद्धत तिथून पुढे कायमची बदलली.

फ्लाय हा तिसऱ्या पातळीचा. तुमच्या विझर्डकडे तसे दोनच स्लॉट आहेत आणि एका स्लॉटमध्ये एकच जण उडतो, तोही दहा मिनिटं, आणि कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारी एकाग्रता) तुटलं की खाली. पाच जणांची टोळी फ्लायने दरी ओलांडू शकत नाही. एक जण दोरीचं टोक घेऊन पलीकडे जाऊ शकतो. मग दोरी कुठे बांधायची, चिलखत घातलेल्या पॅलाडिनला कसं पलीकडे न्यायचं, वाऱ्यात लोंबकळताना कोणाचा हात सुटतो, हे सगळं ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्सचं काम. पहिल्या माणसाने पलीकडे पाय टेकला की "सगळे पोचले" असं म्हणून टाकू नका.

चार्म पर्सनमध्ये समोरच्याला विझ्डमचा सेव्ह (स्पेलमधून सुटण्याचा रोल) मिळतो. तो फसला तरी गुलाम होत नाही, तासभर तुम्हाला ओळखीचा स्नेही समजतो आणि स्पेल टाकणाऱ्याला बोलण्याच्या रोलवर ॲडव्हांटेज मिळतो. रोल राहतोच, आणि तो विझर्डलाच करावा लागतो, ज्याचा करिश्मा बहुधा यथातथाच असतो. मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो, हातवारे करावे लागतात, शेजारी दुसरा पहारेकरी उभा असेल तर त्याला ते दिसतं. आणि तास संपला की त्या माणसाला कळतं की आपल्यावर जादू केली होती आणि कोणी केली होती. चोराने थापा मारून किंवा मनापासून बोलून वळवलेला पहारेकरी उद्याही तिचा मित्र असतो. चार्म केलेला उद्या विझर्डच्या नावाने फौजदाराकडे जातो. हा फरक तुम्ही कथेत एकदा ठळकपणे दाखवा. तोच पहारेकरी दोन सेशननंतर परत आणा.

इथवरचं थोडक्यात: दिवस लांबवा, स्लॉट मोजा, स्पेलचं वर्णन टेबलावर मोठ्याने वाचा आणि त्यात लिहिलेली किंमत घ्या. यात एकही घरगुती नियम नाही.

आता दुसरी बाजू, कौशल्याला खात्री देणं. जादूला कितीही जोखलं तरी चोर जर प्रत्येक दारापाशी फाशाची भीक मागत असेल तर तिला आपण निष्णात असल्यासारखं वाटणार नाही. यावर गाइडमध्येच एक दुर्लक्षित नियम आहे. एखादं काम शक्य असेल आणि त्याला लागतो त्याच्या दहापट वेळ कॅरेक्टरने दिला, तर ते आपोआप साधतं. कुलूप साधारण एका ॲक्शनमध्ये, म्हणजे सहा सेकंदांत उघडतं. दहापट म्हणजे एक मिनिट. म्हणून माझ्या टेबलावर, घाई नसेल तर चोर कुलूप उघडते, विषय संपला. रोल कधी? त्या एका मिनिटात कोणीतरी येणार असेल तेव्हा. आणि तेव्हा अपयशाचा अर्थ "उघडलं नाही" असा मी लावत नाही. अर्थ असतो की उघडलं, पण कंदील घेऊन येणारा पहारेकरी आता कोपऱ्यावर आहे. विझर्डपाशी पर्याय आहे क्षणात उघडून नव्वद मीटरपर्यंत सगळ्यांना जागं करण्याचा. चोरापाशी पर्याय आहे एक मिनिट घेऊन निःशब्द उघडण्याचा. दोघंही दार उघडतात, दोघांची किंमत वेगळी, आणि कोणता मार्ग घ्यायचा यावर टोळीत बोलणं होतं. मला टेबलावर हेच हवं असतं.

खात्रीचा आणखी एक प्रकार म्हणजे माहिती. ज्याच्याकडे कौशल्य आहे त्याला न विचारता सांगा. चोर खोलीत शिरली की म्हणा, "तुला दिसतं की ही पेटी अलीकडेच हलवली आहे, धुळीत चौकोन आहे." रेंजरला म्हणा, "हे ठसे परतीचे आहेत, ओझं घेऊन गेलेल्या माणसाचे." रोल मागू नका. पॅसिव्ह गुण त्यासाठीच आहेत. त्यामुळे दोन गोष्टी होतात: ते कॅरेक्टर जगाकडे वेगळ्या नजरेने बघतंय हे सगळ्यांना दिसतं, आणि स्पेल कुठे टाकायचा हे विझर्डला त्याच्याकडूनच कळतं.

एक प्रसंग उलगडून दाखवते, तुम्ही तो जसाच्या तसा वापरू शकता. धान्याच्या व्यापाऱ्याची पेढी. त्याच्या खतावणीत लाचेच्या नोंदी आहेत, त्या हव्यात. अट एकच: खतावणी कोणी पाहिली हे त्याला सकाळपर्यंत कळता कामा नये, नाहीतर तो नोंदीतली माणसं गायब करेल. या अटीमुळे बघा काय होतं. अंगणात कुत्रा, म्हणून स्टेल्थ किंवा ॲनिमल हँडलिंग. मागच्या दाराला कुलूप. नॉक चालेल, पण वरच्या मजल्यावर कुटुंब झोपलंय. आत तीन पेट्या. कोणती वापरातली हे बिजागरीच्या तेलावरून ओळखायचं. त्या पेटीच्या कुलपात सुई, ती नॉकला दिसत नाही. खतावणी व्यापाऱ्याच्या खासगी सांकेतिक लिपीत, इथे विझर्डचा कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस उपयोगी नाही, कारण तो भाषा समजावतो, गुप्त संकेत फोडत नाही. इन्टेलिजन्स मात्र त्याचाच सगळ्यात जास्त, तेव्हा संकेत फोडण्याचा रोल त्याचा. शेवटी सगळं होतं तसं ठेवून, कुलपं परत लावून बाहेर पडायचं. आणि हे चालू असताना रस्त्यावर गस्तवाल्याला बोलण्यात गुंतवायला बार्ड (गाणारा-गोष्टी सांगणारा). या सगळ्यात मी विझर्डला कुठेच अडवलं नाही. इन्व्हिजिबिलिटी चोरावर टाकला की काम सोपं होतं, सायलेन्स (आवाज बंद करणारा स्पेल) असलेला क्लेरिक (धर्मगुरू) बरोबर असेल तर नॉकचा आवाजही दाबता येईल. दाबू द्या! दोन जणांनी दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट खर्चून, डोकं लढवून केलेली ती युक्ती आहे, तिचं यश त्यांना पूर्ण मिळालं पाहिजे.

यातून अडथळा रचण्याची माझी रीत तुमच्या लक्षात आली असेल. अडथळा एका दाराचा असला की एक स्पेल तो संपवतो. अडथळ्याला उद्देश आणि अट असली, जसं न कळता, न मारता, पहाटेच्या आत, तर स्पेल त्यातला एक तुकडा सोडवतो आणि बाकीचे तुकडे माणसांसाठी उरतात.

वरच्या लेव्हलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचं कॅम्पेन पुढे जाईल तसा प्रश्न अधिक तीव्र होणार आहे. तेराव्या लेव्हलला विझर्ड टेलिपोर्टने खंड ओलांडतो. त्याच लेव्हलला योद्ध्याने तीस फुटांची उडी मारायची म्हटली की डीएमच्या कपाळावर आठी येते: "हे कसं शक्य आहे?" विझर्डला हा प्रश्न कोणी विचारत नाही. जादू करणाऱ्याला आपण कल्पनेच्या मापाने मोजतो आणि जादू न करणाऱ्याला आपल्या स्वतःच्या शरीराच्या मापाने. मला हा अन्याय मनापासून खुपतो. आपण तर हिरकणीची आख्यायिका ऐकत वाढलो. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती रायगडाचा कडा अंधारात उतरून गेली. ती ऐकताना आपल्यापैकी कोणी म्हणत नाही की तिच्याकडे मंत्र असेल. निव्वळ माणसाच्या हातापायांनी आणि निश्चयाने केलेलं अचाट काम आपल्या कथांच्या जगात सहज बसतं. मग ते आपल्या टेबलावर का बसू नये?

पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे नियमांत उतरवलंय. तिथे कौशल्य चार पायऱ्यांनी चढतं आणि सर्वोच्च पायरी पंधराव्या लेव्हलपासून खुली होते. कॅट फॉल नावाचं एक कौशल्य आहे: सुरुवातीला ते पडण्यातले दहा फूट कमी धरतं, मग पंचवीस, मग पन्नास, आणि शेवटच्या पायरीवर कितीही उंचावरून पडलात तरी इजा नाही. मंत्र नाही, स्लॉट नाही, निव्वळ अंगावर ताबा. त्याच खेळात नॉक स्वतः दार उघडत नाही. तो कुलूप उघडणाऱ्याला किंवा दार फोडणाऱ्याला +४ देतो. विझर्ड आणि चोर एकाच दारापाशी एकत्र उभे राहतात. मला हा या प्रश्नाचा आजवरचा सगळ्यात सुंदर तोडगा वाटतो.

पाचव्या आवृत्तीत असं काही लिहिलेलं नाही, तेव्हा ते डीएमलाच करावं लागतं. अकराव्या लेव्हलला चोराला रिलायबल टॅलंट मिळतं, म्हणजे आपल्या कौशल्यात फाशावर ९ किंवा कमी पडले तरी ते १० धरायचे. तिथून पुढे मी तिच्यासाठी डीसीच्या तक्त्याकडे बघणं जवळजवळ सोडते आणि तिला अचाट गोष्टी करू देते. गर्दीच्या दरबारात राजाच्या बोटातली अंगठी काढणं, गुळगुळीत संगमरवरी भिंत चढणं, नुसत्या आवाजावरून कुलपाचा कारागीर ओळखणं. टोळीतल्या कोणालाही याची कुरकुर करताना मी पाहिलेलं नाही.

काही छोट्या गोष्टी पटकन. गुडबेरीने एका वेळी दहा फळं मिळतात आणि एका फळावर माणूस दिवस काढतो, त्यामुळे उपासमारीची कथा सांगायची असेल तर तो स्पेल कॅम्पेन सुरू होण्याआधी, सगळ्यांच्या संमतीने बाजूला ठेवा. मध्येच काढू नका. गायडन्सला (दुसऱ्याच्या रोलला मदत करणाऱ्या स्पेलला) मंत्र म्हणावा लागतो आणि स्पर्श करावा लागतो, तेव्हा सरदाराशी बोलणी चालू असताना क्लेरिकने बार्डच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटणं सरदाराला दिसेल, हे लक्षात ठेवा. फॅमिलिअर (मंत्राने बोलावलेला सोबती प्राणी) घुबड टेहळणी करतं ती करू द्या. घुबडाला दिसतं, पण दिसलेल्याचा अर्थ चोराला लागतो.

हे सगळं करूनही मन रमलं नाही तर दुसऱ्या खेळांकडे बघा, तिथे मूळ मांडणीच निराळी आहे. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये थोडीफार जादू जवळपास प्रत्येकाकडे असते, त्यामुळे जादूवाले आणि बिनजादूवाले अशी फूटच पडत नाही. गर्प्समध्ये प्रत्येक स्पेल हे एक शिकायचं कौशल्य आहे आणि टाकताना थकवा येतो. १९८७ च्या आर्स मॅजिकाने तर मान्यच करून टाकलं की जादूगार सगळ्यांहून बलवान असतो, आणि प्रत्येक खेळाडूने आळीपाळीने जादूगार, साथीदार आणि शिपाई खेळावेत अशी सोय केली. यातला कुठलाही खेळ वाईट नाही. पण तुमच्या टेबलाला पाचवी आवृत्ती आवडते असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून एवढ्यावरून खेळ बदलू नका.

शेवटी विझर्ड खेळणाऱ्या मित्राशी पुढच्या सेशनआधी बोला, टेबलावर सगळ्यांसमोर नको. त्याला सांगा की यापुढे आवाज, कॉन्सन्ट्रेशन आणि रेस्टचे नियम पुस्तकाप्रमाणे पाळणार आहोत. त्याने काही चुकीचं केलेलं नाही हेही स्पष्ट सांगा. त्याने नॉक कदाचित "कुलपांसाठी कोणीतरी हवं" म्हणून घेतला असेल. तसं असेल तर त्याच्या मंत्रपोथीत त्या जागी दुसरा स्पेल फुकट लिहू द्या. तो जेव्हा आपला स्पेल दुसऱ्यावर टाकून त्याला पुढे करेल तेव्हा त्याला इन्स्पिरेशन (एका रोलवर ॲडव्हांटेज देणारं बक्षीस) द्या. मग पेढीचा प्रसंग खेळा आणि तीन-चार सेशन या पद्धतीने चालवा. तरीही नॉकच खटकत राहिला तर पाथफाइंडरसारखा +४ चा नियम उचला. +१० वाल्या चोराला डीसी २० वर त्याने ५५ ऐवजी ७५ टक्के मिळतात, आणि विझर्डचा हातभार कामी येतो. मात्र हा बदल मोहिमेच्या मध्यात करू नका. एक प्रकरण संपून दुसरं सुरू होण्याआधी, दोघांनाही विचारून करा.